युरोपच्या इतिहासालाही अस्सल कागद लावा : इतिहास अभ्यास मंडळाला खुले पत्र

प्रति,
इतिहास अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य,
तसेच ‘आधुनिक युरोपचा इतिहास’ या विषयाचे पेपर काढणारे आणि तपासणारे सर्व सहकारी,

सप्रेम नमस्कार.

अभ्यासक्रम बदलायचं पुन्हा घाटतं आहे. कोणता घटक ठेवायचा, कोणता गाळायचा, क्रेडिट किती, इंटर्नलला गुण किती, यावर बैठकीत भरपूर बोलणं होईल. त्या गर्दीत एक मागणी बाजूला पडू नये म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. युरोप-अमेरिकेच्या इतिहासाच्या प्रत्येक पेपरात एक प्रश्न अस्सल साधनातल्या उताऱ्यावर असावा आणि तो सक्तीचा असावा. त्यासाठी लागणारे उतारे मराठीत, लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख यांसकट, वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांच्या हातात पडावेत. एवढंच मागणं आहे. पाठ्यपुस्तक काढून टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. पाठ्यपुस्तक मला हवंच आहे, पण त्याच्या शेजारी मूळ कागदही हवा आहे.

मी मुंबईच्या उपनगरात मराठी माध्यमाच्या मुलांना इतिहास शिकवते. सकाळी सातचं लेक्चर असतं. बदलापूर, टिटवाळ्याहून पहाटेच्या गाड्या पकडून मुलं येतात. दुपारी कुणी मॉलमध्ये कामाला जातं, कुणी पार्सलं पोचवायला. त्यांच्याकडे वेळ कमी आहे, समज कमी नाही. आणि आपण त्यांना काय देतो? ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे : राजकीय, सामाजिक, आर्थिक, वैचारिक.’ चार मथळे आणि प्रत्येकाखाली चार मुद्दे. जुन्या प्रश्नपत्रिका एकापुढे एक मांडून पाहिल्या तर प्रश्न फिरून फिरून तेच आहेत. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांची उत्तरं तयार मिळतात, आता तर मोबाइलवर मिनिटात मिळतात. ते उत्तर पाठ करून लिहिणाऱ्या मुलाला मी दोष देणार नाही. आपण त्याला विचारलंच तेवढं आहे.

हे महाराष्ट्रात घडावं, याचं मला जास्त वाईट वाटतं. अस्सल कागदाचा ध्यास आपल्याला नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि ते काम पुढे बावीस खंडांपर्यंत गेलं. जुन्या घराण्यांचे उंबरे झिजवून, माळ्यावर कसर लागलेले रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडवून त्यांनी कागद जमवले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. १९३० च्या दशकात रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. या सगळ्याचा परिणाम असा की शिवजन्माच्या तिथीवरून दोन माणसांत वाद झाला तरी ‘जेधे शकावली काय सांगते?’ आणि ‘ती बखर किती वर्षांनी लिहिली?’ हे प्रश्न कट्ट्यावरसुद्धा निघतात. समकालीन कागद आणि मागाहून रचलेली बखर यांतला फरक मराठी माणसाला मुद्दाम शिकवावा लागत नाही. मग तोच माणूस वर्गात बसून युरोपकडे वळला की ही शिस्त जाते कुठे?

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकातला पहिलाच पाठ ‘इतिहासलेखन : पाश्चात्य परंपरा’ हा आहे. पाठ चांगला आहे. जर्मन इतिहासकार रांकेनं मूळ कागदपत्रांवर भर दिला, हे आमची मुलं पंधराव्या वर्षी वाचून येतात. त्यानंतर पदवी हातात पडेपर्यंत युरोपच्या इतिहासातला एकही मूळ कागद त्यांच्यासमोर येत नाही. बेकरीवर धडा शिकवायचा आणि पाव कधी चाखायला द्यायचाच नाही, तसं हे झालं आहे.

मूळ कागद वर्गात आला की काय होतं, ते एका उदाहरणानं जरा सविस्तर सांगते.

१७८९ मध्ये फ्रान्सच्या राजानं स्टेट्स जनरल ही सभा बोलावली. सभेआधी गावोगावच्या लोकांना आपापली गाऱ्हाणी लिहून पाठवायला सांगितलं होतं. त्या गाऱ्हाण्यांच्या वह्या आजही हजारोंनी उपलब्ध आहेत. आपल्या गाइडमध्ये या सगळ्याचं एक वाक्य होतं : ‘शेतकरी सरंजामी करांच्या ओझ्याखाली पिचला होता.’ वह्या उघडल्या की हे ओझं कशाचं, ते दिसायला लागतं. मिठावरचा कर. जमीनदाराच्याच गिरणीत दळायची आणि त्याच्याच भट्टीत पाव भाजायची सक्ती. शिकारीचा हक्क फक्त सरदाराला, त्यामुळे हरणं-ससे पिकात शिरले तरी शेतकऱ्यानं बघत बसायचं. आणि कबुतरं. कित्येक प्रांतांत मोठा कबुतरखाना बाळगायचा मान सरदाराचाच होता. त्याची कबुतरं पेरलेलं बी टिपून न्यायची आणि शेतकऱ्याला त्यांना हात लावायची चोरी.

पुढे ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेनं सरंजामी हक्क मोडीत काढायचं ठरवलं आणि ११ तारखेपर्यंत तो ठराव कलमवार पक्का झाला. त्यातलं पहिलं कलम सरंजामशाहीचं आहे. दुसरंच कलम कबुतरांचं आहे! कबुतरखान्याचा खास हक्क रद्द. गाव ठरवेल त्या काळात कबुतरं कोंडून ठेवायची. त्या काळात ती बाहेर दिसली तर प्रत्येकाला आपापल्या जमिनीवर ती मारायची मुभा. तिसरं कलम शिकारीचं.

हा कागद मी वर्गात वाटला तेव्हा मुलं आधी हसली. दादरचा कबुतरखाना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला असणार. मग संगमेश्वरकडचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे माकडं काही ठेवत नाहीत. केळी नाही, भाजी नाही. आजोबांनी परसात लावायचंच सोडलं. आणि मारलं तर वनखातं केस करतं.” दुसऱ्यानं रानडुकरांचं सांगितलं. वर्ग बोलायला लागला, तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “पण माकडं कुणा सरदाराची नाहीत ना. ती सगळ्यांचंच खातात. इथे एकाची कबुतरं आणि दुसऱ्याचं शेत आहे.”

विशेषाधिकार म्हणजे काय, हे मला त्या दिवशी फळ्यावर लिहावं लागलं नाही. गावाकडचा अनुभव आणि फ्रान्सचा कागद यांतलं साम्य एकानं काढलं, फरक दुसरीनं काढला. इतिहास शिकणं याहून वेगळं असतं असं मला वाटत नाही.

त्याच ठरावाचं पहिलं कलम आम्ही पुढच्या तासाला वाचलं. पुस्तकात छापलेलं असतं : ‘४ ऑगस्ट १७८९ रोजी सरंजामशाही नष्ट झाली.’ कलमाच्या पहिल्या वाक्यातही ती संपूर्ण नष्ट केल्याचं म्हटलं आहे. पण लगेच पुढे अटी येतात. माणसाच्या वेठबिगारीतून आलेले हक्क विनामोबदला रद्द. जमिनीशी जोडलेली बाकीची देणी मात्र शेतकऱ्यानं मोबदला देऊन सोडवून घ्यायची. मुलं गोंधळली. “मग संपली कुठे?” हा प्रश्न वर्गातून आला. त्याचं उत्तर शोधत आम्ही १७९३ च्या जुलैपर्यंत गेलो, कारण उरलेली देणी विनामोबदला रद्द व्हायला तोपर्यंत वेळ लागला. मधल्या चार वर्षांत खेड्यापाड्यांतली धग का विझली नाही, हे आता कुणी वेगळं समजावून सांगायची गरज उरली नव्हती. पुस्तकातलं वाक्य चूक नव्हतं. ते फार लवकर थांबलं होतं.

आता पाठ्यपुस्तकाच्या बाजूनं बोलते, कारण साधनांचा आग्रह धरणारे आमच्यातले काही जण दुसऱ्या टोकाला जातात. नुसते कागद वाटले, मुलांना ‘स्वतः शोधा’ म्हटलं की झालं, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. सोळाव्या लुईच्या रोजनिशीत १४ जुलै १७८९ या तारखेपुढे ‘काही नाही’ एवढीच नोंद आहे. त्या दिवशी पॅरिसमधला बास्तीय हा तुरुंग-किल्ला पडला होता. संदर्भाशिवाय हा कागद हातात दिला तर मुलं ठामपणे लिहितात की राजा बेफिकीर होता, त्याला राज्यात काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. पण ती वही मुख्यतः शिकारीची होती. ‘काही नाही’ म्हणजे त्या दिवशी शिकार मिळाली नाही. राजा कसा होता याचा निवाडा त्या दोन शब्दांवरून करताच येत नाही. त्यासाठी आधी व्हर्साय ते पॅरिस अंतर, बातमी पोचायला लागणारा वेळ, त्या आठवड्यात अर्थमंत्री नेकरला बडतर्फ केल्यामुळे उसळलेलं शहर, हे सगळं माहीत असावं लागतं. ती चौकट पाठ्यपुस्तक देतं. सनावळीला नाकं मुरडणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही. सनावळी नसेल तर कागद अनाथ होतो, कुणीही उचलावा आणि हवा तिथे चिकटवावा.

आणि चिकटवला जातोच. ‘पाव नसेल तर केक खा’ हे वाक्य सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्या तोंडी घालून दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर फिरतं; आमच्या पेपरांतही मुलं ते पुरावा म्हणून लिहितात, आणि तपासणाऱ्यांपैकी काही जण त्याला गुणही देतात. ते तिनं म्हटल्याचा समकालीन पुरावा नाही. रूसोनं आपल्या आत्मकथनात अशी गोष्ट एका ‘थोर राजकन्ये’ची म्हणून नाव न घेता लिहिली, आणि ती लिहिली तेव्हा मारी आंत्वानेत अजून फ्रान्सला आलेलीही नव्हती. ती आली १७७० मध्ये. तारीख विचारायची सवय असलेल्या मुलाला हे दोन मिनिटांत कळतं. बखर कधी लिहिली हे विचारणाऱ्याला तर नक्कीच कळायला हवं.

मुंबईच्या मुलांना युरोप दूरचा वाटतो, हा एक आक्षेप नेहमी ऐकते. मला उलटा अनुभव येतो. औद्योगिक क्रांतीचा धडा घ्या. यंत्रांची यादी, शोधांची यादी आणि शेवटी ‘स्त्रिया व बालकामगारांचे शोषण झाले’ हे वाक्य. त्याऐवजी १८३२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या सॅडलर समितीपुढे झालेल्या साक्षींपैकी एकच साक्ष द्या. एलिझाबेथ बेंटली, वय २३, राहणार लीड्स. प्रश्नोत्तरं जशीच्या तशी छापलेली आहेत. कामाला कधी लागलीस? सहाव्या वर्षी. कुठे? फ्लॅक्सच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या गिरणीत. काम काय? डॉफरचं, भरलेल्या बॉबिन काढून रिकाम्या लावायचं. कामाची गर्दी असली की किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? पहाटे पाच ते रात्री नऊ. जेवायला किती वेळ? दुपारी चाळीस मिनिटं. मागे पडलीस तर? पट्ट्याचे फटके.

लालबाग-परळची मुलं हे वाचताना त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. आजोबा साचेखात्यात होते, आजी बदलीवर जायची, भोंगा झाला की चाळ कशी रिकामी व्हायची, हे घरातलं बोलणं आहे. १९८२ च्या संपात कुणाच्या घरचं काय विकलं गेलं, तेही त्यांना ठाऊक असतं. पण इथे मी थांबत नाही, कारण कळवळा येणं म्हणजे इतिहास समजणं नव्हे. पुढचा प्रश्न असा : या साक्षीदारांची निवड कुणी केली? समितीचा अध्यक्ष सॅडलर स्वतः कामाचे तास कमी करण्याच्या विधेयकाचा पुरस्कर्ता होता. साक्षी शपथेवर झाल्या नव्हत्या. गिरणीमालकांनी आरडाओरडा केला आणि १८३३ मध्ये दुसरा आयोग नेमला गेला. त्याच वर्षी कायदा झाला, नऊ वर्षांखालच्या मुलांना बहुतेक कापडगिरण्यांत कामाला घ्यायला बंदी आली. म्हणजे साक्षीदार खोटं बोलत होते का? मुलं वाद घालतात. घालू द्यावा. हेतू ठेवून गोळा केलेला पुरावाही खरा असू शकतो, पण तो पूर्ण असेलच असं नाही, इथपर्यंत यायला त्यांना एक तास लागतो आणि तो तास वाया जात नाही.

त्यानंतर मी मुंबईचा कागद समोर ठेवते. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी आयोगापुढे गेला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर भरपाई. लीड्सची साक्ष आणि मुंबईचा अर्ज शेजारी ठेवला की मुलींपैकी कुणीतरी हमखास विचारते की तिकडे समितीनं विचारलं, इकडे कामगारांना स्वतःच मागावं लागलं का? मग हिंदुस्थानातला १८८१ चा कारखाना कायदा येतो, ज्यात सात वर्षांच्या मुलाला कामाला लावायची मुभा होती. मग हिंदुस्थानात कायदा व्हावा म्हणून इंग्लंडमधल्या लँकेशायरचे गिरणीमालक का आग्रह धरत होते, हा प्रश्न येतो. मुंबईचं सूत त्यांच्या बाजारात शिरत होतं, हे कळल्यावर ‘मानवतावादी सुधारणा’ हा मथळा मुलं स्वतःच तपासायला लागतात. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं.

अमेरिकेचं यादवी युद्ध तर मुंबईच्या रस्त्यावर उभं आहे. तिकडचा कापूस अडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, शेअरांचा उन्माद चढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. त्यात बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि तिच्या चौकशीसाठी आयोग बसला. त्या तेजीतले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, त्यांच्या आईच्या नावानं राजाबाई टॉवर उभा राहिला. पेपर देऊन ओव्हल मैदानाकडून चर्चगेटला जाणारी मुलं तो बघतात आणि त्याच पेपरात अमेरिकेच्या यादवी युद्धाचे ‘परिणाम’ लिहून आलेली असतात. त्यात मुंबई नसते, कारण गाइडात नसते. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, ती अर्पणपत्रिका मराठीच्या पेपरला बसलेल्या मुलाला माहीत असते. इतिहासाच्या वर्गात, अमेरिकेतली गुलामगिरी रद्द करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीशेजारी, ती आपण ठेवत नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

साधनं निवडताना फक्त राजे, सेनापती आणि तह घेऊ नयेत, अशीही विनंती आहे. १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची १७ कलमं घेतली, तर १७९१ मध्ये फ्रेंच लेखिका ओलँप द गूजनं लिहिलेला स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामाही घ्यावा. स्त्रीला वधस्तंभावर चढायचा हक्क असेल तर व्यासपीठावर चढायचाही हक्क हवा, असं ती दहाव्या कलमात सांगते. नोव्हेंबर १७९३ मध्ये तिचा गिलोटीनवर शिरच्छेद झाला. हैती या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीतल्या गुलामांचं बंडही वगळू नये. १७९४ मध्ये फ्रान्सनं रद्द केलेली गुलामगिरी नेपोलियननं १८०२ मध्ये परत आणली, हे न शिकता नेपोलियनवर ‘क्रांतीचा वारस’ म्हणून उत्तर लिहिणं अर्धवट आहे.

आता परीक्षेकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. जे पेपरात येत नाही ते वर्गात शिकवलं जात नाही, हे तुम्हीही जाणता. उताऱ्यावरचा प्रश्न कसा असावा, याचा एक नमुना देते. एम्सची तार, १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाच्या तोंडावरची. पाठ्यपुस्तकात असतं : ‘बिस्मार्कने तारेतील मजकूर बदलून फ्रान्सला चिथावले.’ १३ जुलै १८७० रोजी एम्सहून प्रशियाच्या राजाच्या वतीनं त्याचा पंतप्रधान बिस्मार्क याला आलेली मूळ तार आणि त्यानं वृत्तपत्रांना दिलेला मजकूर, दोन्ही मराठीत मिळून जेमतेम एक पान भरेल. ती प्रश्नपत्रिकेत शेजारी-शेजारी छापा. विचारा : हे दोन मजकूर कुणी, कुणासाठी लिहिले? दुसऱ्यात काय गाळलं आहे आणि त्यामुळे राजाच्या वागण्याचा अर्थ कसा बदलतो? युद्ध या तारेमुळे झालं असं पुस्तक म्हणतं, ते सिद्ध करायला एवढा कागद पुरेसा आहे का? बारकाईनं वाचणाऱ्या मुलाला दिसेल की बिस्मार्कनं पदरचं फारसं काही घातलं नाही. त्यानं छाटलं. मूळ तारेत राजा आधी फ्रान्सच्या वकिलाशी, म्हणजे राजदूताशी, बोलतो, नंतर राजपुत्राचं पत्र आल्यावर पुन्हा भेट नको म्हणून निरोप पाठवतो. छापलेल्या मजकुरात फक्त फ्रान्सची मागणी उरते आणि तोंडावर दार लावल्यासारखा नकार. आणि स्पेनच्या गादीचा वाद, फ्रान्समधलं वातावरण, प्रशियाची तयारी यांची माहिती नसेल तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिताच येणार नाही. म्हणजे पाठ्यपुस्तक वाचावंच लागेल, आणि झेरॉक्सचं उत्तर इथे चालणार नाही.

तपासणीला वेळ लागेल, गुणांत फरक पडेल, ही भीती खरी आहे. पण निबंधवजा उत्तरांत आज एकाच उत्तराला एक परीक्षक आठ आणि दुसरा चार देतोच. उताऱ्यावरच्या प्रश्नाला निदान गुणविभागणी स्पष्ट करता येते. पंधरा गुण असतील तर लेखक, काळ, हेतू यांना तीन. उताऱ्याचा अर्थ आणि पुस्तकाशी पडताळा यांना सहा. या कागदातून काय कळत नाही, याला सहा. शेवटचे सहा कापू नका, असं मात्र आग्रहानं सांगते. कागद काय सांगत नाही, हे ओळखणाऱ्या मुलालाच इतिहास कळायला लागलेला असतो.

वेळेचा प्रश्न सुटायचा तर घटक कमी करावे लागतील. १७८९ ते १९४५ एवढा पट्टा एका वर्षात धावत संपवण्यापेक्षा इटली-जर्मनीच्या एकीकरणातल्या लढायांचे तपशील आणि पूर्वेच्या प्रश्नातले, म्हणजे ढासळत्या तुर्की साम्राज्यावरून झालेले, लागोपाठचे तह कमी केले तरी चालेल.

राहिला भाषेचा प्रश्न. ‘ही साधनं इंग्रजीत आहेत, मराठी मुलांना झेपणार नाहीत’ हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलं आहे की आता त्याचा राग येतो. मुलांना झेपत नाही असं नाही, आपण मराठीत आणलेलं नाही. १९०७ मध्ये सावरकरांनी इटलीचा क्रांतिकारक मॅझिनी याचं लेखन मराठीत आणलं होतं आणि ते इंग्रज सरकारला जप्त करावंसं वाटलं, इतकं ते पोचलं होतं. त्या काळात जे एका माणसानं केलं, ते आज फ्रेंच आणि जर्मन शिकवणारे विभाग, मराठीचे जाणते प्राध्यापक आणि एवढी कॉलेजं असलेल्या शहराला जड जाऊ नये. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या मूळ कागदांवर कुणाचा कॉपीराइट उरलेला नाही. अलीकडच्या इंग्रजी भाषांतरांवर मात्र असू शकतो, म्हणून जमेल तिथे थेट मूळ भाषेतून आणि नाहीतर जुन्या इंग्रजी आवृत्त्यांवरून मराठी करावं. शंभर-सव्वाशे पानांची पुस्तिका पुरेल. ती पीडीएफ स्वरूपात फुकट ठेवावी. प्रत्येक उताऱ्याखाली लेखक, तारीख, मूळ भाषा आणि कुठे गाळलं आहे याची खूण हवी. टिंबं न देता मधली वाक्यं उडवलेला उतारा नको.

आणि इतिहासाच्या प्रात्यक्षिकासाठी मुंबईसारखं शहर नाही. हॉर्निमन सर्कलला एशियाटिक सोसायटी आहे. तिच्या मुळाशी असलेली लिटररी सोसायटी १८०४ मध्ये जेम्स मॅकिंटॉश यांनी सुरू केली. हे मुंबईचे न्यायाधीश म्हणून आले होते. पण त्याआधी १७९१ मध्ये, ब्रिटिश विचारवंत एडमंड बर्कनं फ्रेंच राज्यक्रांतीवर केलेल्या टीकेला उत्तर देणारं पुस्तक त्यांनी लिहिलं होतं, आणि काही वर्षांत ते स्वतःच त्या मतापासून दूर गेले. बर्कचा एक परिच्छेद, तरुण मॅकिंटॉशचा एक परिच्छेद, आणि नंतर टाउन हॉलच्या पायऱ्यांवर तासभर चर्चा. याच संस्थेकडे दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित आहे, जे माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दिलं. प्रबोधनकाळाचा पाठ सुरू करताना मुलांना हे आपल्याच शहरात आहे, एवढं तरी सांगावं. काळा घोड्याजवळ राज्य पुराभिलेखागार आहे. तिथे जायला रीतसर पत्र लागतं, ते कॉलेजनं द्यावं. अर्ज कसा करायचा, कागद मागवायचा कसा, हे मुलांना एकदा तरी अनुभवू द्यावं. इंटर्नलच्या गुणांसाठी इंटरनेटवरून उतरवलेला प्रोजेक्ट घेण्यापेक्षा एका कागदाची दोन पानी चिकित्सा घ्यावी.

शिक्षकांचंही थोडं बोलायला हवं. आमच्यापैकी पुष्कळ जण तासिका तत्त्वावर आहेत, तीन-तीन कॉलेजं सांभाळतात. साधनं शोधा, भाषांतर करा, वर्गाला पुरतील इतक्या झेरॉक्स काढा, हे सगळं एकेकट्या शिक्षकावर टाकलं तर दोघं-तिघं करतील आणि बाकीचे गाइडाकडे परततील. त्यांना बोल लावता येणार नाही. म्हणूनच हे मंडळानं करायला हवं. एक छोटी समिती, भाषांतराला मानधन, आणि उताऱ्यावरचे प्रश्न कसे तपासायचे यासाठी पहिल्या वर्षी एक कार्यशाळा.

सुरुवात म्हणून फ्रेंच राज्यक्रांतीच्या घटकासाठी आम्ही काही शिक्षकांनी मिळून उताऱ्यांचा एक संच मराठीत तयार केला आहे. गाऱ्हाण्यांच्या वह्या, ऑगस्टचा ठराव, दोन्ही जाहीरनामे, बर्क आणि मॅकिंटॉश, प्रत्येकाखाली प्रश्न आणि गुणविभागणी. संच मंडळाकडे वेगळ्या लखोट्यातून पाठवत आहोत. त्यातल्या भाषांतरावर फ्रेंच जाणणाऱ्यांची नजर फिरावी, चुका खुणावून परत याव्यात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि आमच्यापैकी दोघांना दहा मिनिटं बोलायला द्यावीत. येत्या वर्षी सगळ्या पेपरांत शक्य नसेल तर एका सत्रात, एका घटकापुरता प्रयोग करावा. त्या उत्तरपत्रिका तपासायला आम्ही तयार आहोत.

कळावे,

आपली नम्र,
मुंबईतील एक इतिहास-शिक्षिका